टर्बो डिझेल ट्रकसाठी हवेच्या फिल्टरची निवड: नाशिकमधील एका वाहतूकदाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या आडगाव भागातून चालणाऱ्या एका छोट्या वाहतूक व्यवसायाचे आहे. व्यवसायात तीन ट्रक आहेत. मालक पूर्वी स्वतः गाडी चालवत असत आणि देखभालीचे बहुतेक निर्णय आजही तेच घेतात. ओळख पटू नये म्हणून व्यक्तींची नावे, गाडीची कंपनी आणि गॅरेज-दुकानांचे उल्लेख वगळले आहेत. येथे ज्या ट्रकबद्दल लिहिले आहे तो २०१८ सालचा, बीएस-४ या प्रदूषण मानकाचा, दहा चाकी आहे. त्याचे इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ५.७ लिटर क्षमतेचे असून त्याला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) आहे.

सुरुवातीची वर्षे हा ट्रक पिंपळगाव बसवंत आणि लासलगाव येथून कांदा भरून मुंबई-आग्रा महामार्गाने वाशीला आणि बंदराकडच्या गोदामांना जात असे. बाजार समितीच्या आवारातली माती सोडली तर धुळीशी त्याचा फारसा संबंध येत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या महिन्यांत भाडी कमी झाली, म्हणून मालकांनी हा ट्रक सारूळच्या बाजूला क्रशरांच्या पट्ट्यात असलेल्या एका सिमेंट उत्पादनांच्या कारखान्याला लावला. पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन आणि गटाराचे पाइप शहरात, त्र्यंबक रस्त्याला आणि सिन्नरकडे पोहोचवायचे, असे ते काम होते. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे रस्त्यांची कामे वाढत गेली, आणि निर्यातबंदी उठल्यावरही ट्रक तिकडेच राहिला.

कारखान्यापर्यंत जाणारा रस्ता कच्चा आहे. त्यावरून दिवसभर खडी आणि क्रशसँडचे हायवा ये-जा करतात, आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या गाडीला उन्हाळ्यात भरदुपारी दिवे लावावे लागतात. ही धूळ शेतातल्या मातीसारखी मऊ नसते. ती काळ्या पाषाणाची, नुकत्याच फुटलेल्या दगडाची असते, त्यामुळे तिच्या कणांच्या कडा धारदार असतात. गाडीचे काम अशा प्रकारे पूर्ण बदलले, पण हवेच्या फिल्टरची पद्धत महामार्गावरची तीच राहिली. या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी येथूनच सुरू होतात.

अडचण

दुसऱ्या उन्हाळ्यात चालकाने तक्रार केली की भरलेली गाडी चढाला ओढत नाही आणि काळा धूर टाकते. मालकांच्या वहीप्रमाणे डिझेलचे ॲव्हरेज त्याआधीच घसरू लागले होते, परंतु कच्चा रस्ता आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले चालणे हे त्याचे कारण असावे असे त्यांनी धरले होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. खरी काळजी इंजिन ऑइलची होती. पूर्वी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावे लागत नसे. आता डिपस्टिकवरची पातळी दर आठवड्याला खाली जाऊ लागली होती.

पहिला संशय इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर गेला. सातपूरला बॉशचा डिझेल नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना आहे, आणि शहरात पंप-नोझलचे काम जाणणारे कारागीरही बरेच आहेत. काळा धूर दिसला की गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे न्यायची, ही येथली जुनी सवय आहे. नोझल बाहेर काढून टेस्ट बेंचवर तपासले गेले. सहापैकी एकाची फवारणी थोडी बिघडलेली होती, ती दुरुस्त झाली, आणि गाडी आठवडाभर बरी वाटली. मग धूर पुन्हा सुरू झाला.

हा पहिला निर्णयबिंदू होता. काळा धूर म्हणजे जळायला पुरेशी हवा न मिळालेले डिझेल. त्यात डिझेल जास्त पडते आहे की हवा कमी पडते आहे, हा प्रश्न नोझलला हात लावण्यापूर्वी विचारायला हवा होता, कारण हवेची बाजू तपासायला खर्च जवळजवळ लागत नाही आणि नोझल उतरवायला लागतो. हवेच्या फिल्टरबद्दल चालकाला विचारले गेले नव्हते असे नाही. त्याचे उत्तर असे होते: "शेठ, फिल्टर एकदम क्लीन आहे. रोज संध्याकाळी हवा मारतो की मी."

या उत्तराने सगळ्यांचे समाधान झाले होते.

तपासणी

दुसऱ्या वेळी गाडी ज्या गॅरेजमध्ये आली तेथील मिस्तरींनी हवेच्या बाजूने सुरुवात केली. त्यांच्याकडे एका फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बसवलेली पारदर्शक नळी होती. तीत निळसर रंगाचे पाणी आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी होती. नळीचे एक टोक फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे टर्बोकडच्या पाइपला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. इंजिन हवा ओढू लागले की दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो, तोच हवेला होणारा अडथळा.

हे माप गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन घेता येत नाही, आणि हा मुद्दा अनेकदा सुटतो. टर्बो इंजिनात हवेचे प्रमाण भारावर अवलंबून असते. रिकाम्या रेसवर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, जवळजवळ तयार होत नाही, त्यामुळे चोंदलेला फिल्टरसुद्धा निर्दोष दिसतो. म्हणून ट्रक माल भरून सिन्नरच्या रस्त्यावरील मोहदरी घाटात नेला गेला. मिस्तरींचा मदतनीस फळी मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसला, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढताना पातळीतला फरक ७०० मिलिमीटरच्या जवळ गेला. बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा सुमारे ६३५ मिलिमीटर पाणी, म्हणजे ६.२ किलोपास्कलच्या आसपास दिलेली असते. रोज हवा मारलेला "क्लीन" फिल्टर त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला होता.

त्यानंतर फिल्टरचे घर उघडले गेले. मुख्य एलिमेंट, म्हणजे घरात बसणारा गाळणीचा घडीदार कागदी भाग, बाहेरून खरोखरच स्वच्छ दिसत होते. संध्याकाळी शेडमधले दिवे बंद करून त्याच्या आत बल्ब धरला, तेव्हा कागदाच्या एका घडीत, खालच्या पत्र्याच्या टोपीजवळ, सुईच्या टोकाएवढे दोन प्रकाशबिंदू दिसले. कारखान्याजवळच्या पंक्चरच्या दुकानातून टायर भरण्याच्या दाबाची हवा थेट कागदाला नळी टेकवून मारली जात होती. फिल्टर उत्पादकांपैकी जे हवेने साफ करण्यास परवानगी देतात, तेही दाब साधारण २ बारच्या आत, नळी दूर धरून आणि फक्त आतून बाहेर, असे सांगतात. टायरचा कंप्रेसर त्याच्या तिप्पट-चौपट दाबाचा असतो.

सेफ्टी फिल्टर, म्हणजे मुख्य एलिमेंटच्या आत बसणारा पातळ दुसरा फिल्टर, बाहेरच्या बाजूने राखाडी झालेला होता. त्याच्यापर्यंत धूळ पोहोचणे हाच मुख्य फिल्टर निकामी झाल्याचा पुरावा असतो. घराच्या तळाशी धूळ बाहेर सोडण्यासाठी जो रबरी व्हॉल्व्ह असतो, तो जागेवर नव्हता, नुसते भोक होते. शेवटी फिल्टर ते टर्बो हा रबरी होज काढला. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, जिथे वरून नजर जात नाही, तिथे रबराला आडवी चीर होती. होजच्या आतून बोट फिरवले तर बोटाला कचकच लागत होती. टर्बोच्या कंप्रेसर व्हीलच्या पात्यांच्या पुढच्या कडा झिजून बारीक दातेरी झाल्या होत्या. व्हीलच्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, हालचाल मात्र मर्यादेत होती.

एकाच वेळी फिल्टर चोंदलेलाही होता आणि गळकाही होता. वरवर हे विसंगत वाटते, पण त्यात विसंगती नाही. हवा मारल्याने पृष्ठभागावरची जाड धूळ उडत होती, तर बारीक धूळ कागदाच्या आत रुतत होती आणि कागद हळूहळू बुजत होता. कागद जितका बुजला, तितकी होजमधली ओढ वाढली, आणि चिरेतून विनागाळणीची हवा तितकीच जोरात आत येऊ लागली.

समोरचे पर्याय

मालकांनी या टप्प्यावर सगळीकडे विचारपूस केली, आणि जितकी माणसे तितके सल्ले मिळाले. सर्वांत स्वस्त पर्याय होता स्थानिक बाजारातले नक्कल एलिमेंट. मूळ कंपनीच्या एलिमेंटशेजारी ते ठेवून पाहिले तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. घड्यांची संख्या कमी, कागद मऊ, आणि उंचीला दोन-तीन मिलिमीटरची तूट. ही तूट म्हणजे झाकण आवळल्यावर सील पुरेसे दाबले जाणार नाही. तो पर्याय तेथेच संपला.

दुसरा सल्ला एका ओळखीच्या वाहतूकदाराचा होता: तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर. हवा मोकळी येते, गाडीला पिकअप येतो, आणि आयुष्यभर बदलावा लागत नाही, असे त्याबद्दल सांगितले जाते. मालकांना यातले शेवटचे वाक्य फार आवडले होते. त्यावर मिस्तरींनी आणि मीही जो हिशेब मांडला, तो सविस्तर देणे गरजेचे आहे, कारण निवड त्यावरच ठरली.

५.७ लिटरचे इंजिन २,४०० फेऱ्यांवर टर्बोशिवाय मिनिटाला जवळपास ६.८ घनमीटर हवा ओढेल. टर्बो आणि इंटरकूलरसह पूर्ण भारावर हा आकडा १२ ते १३ घनमीटरपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाला बारा-तेरा हजार लिटर हवा. नेहमीच्या मिश्र चालीत सरासरी ६ घनमीटर धरली, तरी तासाला ३६० घनमीटर होतात. हा ट्रक दिवसातले साधारण दोन तास दाट धुळीत असतो. त्या वेळी हवेच्या दर घनमीटरमागे ०.१ ग्रॅम धूळ आहे असे गृहीत धरू. प्रयोगशाळेत हवेचे फिल्टर तपासण्याची जी आयएसओ ५०११ पद्धत आहे, तीत घनमीटरला १ ग्रॅम धूळ सोडतात, तेव्हा त्याच्या दशांश भाग हे गृहीतक अतिशयोक्त नाही. या हिशेबाने फिल्टरच्या तोंडाशी दिवसाला ७२ ग्रॅम आणि कामाचे २५ दिवस धरता महिन्याला १,८०० ग्रॅम धूळ येते.

चांगल्या कागदी फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता ९९.९ टक्क्यांच्या आसपास असते. तेल लावलेल्या सुती जाळीची क्षमता ९८.५ टक्के धरली, तर विक्रेता म्हणतो की फरक दीड टक्क्याचासुद्धा नाही, आणि थांबलेली धूळ मोजली तर ते खरेच आहे. परंतु इंजिनाला थांबलेल्या धुळीशी देणेघेणे नसते, आत गेलेल्या धुळीशी असते. कागदातून महिन्याला १.८ ग्रॅम धूळ आत जाईल आणि सुती जाळीतून २७ ग्रॅम, म्हणजे पंधरापट. पिस्टन रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो त्याची जाडी काही मायक्रॉनच असते, आणि त्याच मापाचे कण तिथे सर्वांत जास्त झीज करतात.

पिकअपच्या दाव्याबद्दल एवढेच सांगता येईल की स्वच्छ कागदी फिल्टर या इंजिनाला लागणारी सगळी हवा सहज देतो. किती डिझेल सोडायचे हे इंजिनाचा कंप्युटर ठरवतो, त्यामुळे फिल्टर अधिक मोकळा केला म्हणून ताकद वाढत नाही. शिवाय जाळी धुणे, सावलीत पूर्ण वाळवणे आणि मोजून तेल लावणे हे काम क्रशरशेजारच्या उघड्या यार्डात नीट होईल, असे मला वाटत नाही. ज्या बीएस-६ गाड्यांत हवा मोजण्याचा तापलेल्या फिल्मचा सेन्सर असतो, तिथे जास्त झालेले तेल उडून सेन्सरवर बसण्याचा धोका वेगळाच. मालकांचा तिसरा ट्रक बीएस-६ आहे, आणि सुती फिल्टर आणायचे तर तिन्ही गाड्यांना आणायचे, असा त्यांचा विचार होता.

एका ज्येष्ठ चालकाने जुन्या गाड्यांतला ऑइल बाथ फिल्टर, म्हणजे धूळ तेलात अडकवणारा फिल्टर, सुचवला. मजबुतीला तो उत्तम होता हे मान्य करावे लागेल. मात्र त्याची गाळण्याची शक्ती हवेच्या वेगावर अवलंबून असते आणि संथ चालीत ती घसरते. आजच्या टर्बोला लागणारी हवा त्यातून काढायची तर त्यातले तेलच ओढले जाण्याची भीती असते.

शेवटी तीन पर्याय उरले. मूळ कंपनीचे साधे कागदी एलिमेंट, त्याच मापाचे पण कागदावर नॅनोफायबरचा अतिसूक्ष्म थर असलेले एलिमेंट, आणि यांपैकी कोणत्याही एकाच्या आधी बसवायचा चक्राकार प्री-क्लीनर. नॅनोफायबरचा थर धूळ पृष्ठभागावरच अडवतो, ती कागदात रुतत नाही, म्हणून धुळीच्या कामात अडथळा सावकाश वाढतो. त्याची किंमत साध्या एलिमेंटच्या जवळजवळ दुप्पट सांगितली गेली. प्री-क्लीनर हवेला गरगर फिरवून जाड कण बाहेर फेकतो. तो बारीक धूळ अडवत नाही, पण मुख्य फिल्टरवरचा बोजा बराच हलका करतो. त्याबदल्यात तो स्वतःचाही थोडा अडथळा वाढवतो.

निर्णय

या चर्चेत मिस्तरींनी एक प्रश्न विचारला, आणि तो कोणत्याही एलिमेंटपेक्षा महत्त्वाचा ठरला. होजच्या चिरेतून किंवा सैल सीलमधून फक्त एक टक्का हवा न गाळता आत गेली, तर काय होईल? वरच्याच हिशेबाने महिन्याला १८ ग्रॅम धूळ सरळ टर्बोत जाईल. म्हणजे ९९.९ टक्क्यांचा महागडा फिल्टर बसवूनही प्रत्यक्षात ९९ टक्क्यांहून कमीच पदरात पडेल. दोन चांगल्या एलिमेंटमधला फरक या गळतीपुढे नगण्य आहे.

त्यामुळे कामाचा क्रम उलटा करायचे ठरले. आधी गळती बंद करायची, मग एलिमेंट निवडायचे, आणि प्री-क्लीनरचा निर्णय मोजमाप हातात आल्यावर घ्यायचा. एलिमेंटमध्ये नॅनोफायबरचे घ्यायचे ठरले. साधे मूळ एलिमेंट गाळण्याच्या बाबतीत कमी नव्हते, पण ते लवकर भरले असते आणि वारंवार उघडावे लागले असते. धुळीच्या आवारात फिल्टरचे घर जितक्या वेळा उघडते, तितक्या वेळा सीलच्या कडेवरची धूळ आत पडण्याची संधी मिळते. उघडण्याचे प्रसंग कमी करण्यासाठी जास्तीचे पैसे मोजले गेले, आणि ते योग्यच होते असे माझे मत आहे.

टर्बोबद्दल मतभेद झाले. पाती झिजलेली असल्याने टर्बो लगेच बदलावा असे एका बाजूचे म्हणणे होते. शाफ्टची हालचाल मर्यादेत असल्याने आणि हवेची बाजू अजून सिद्ध झालेली नसल्याने थांबावे, असे मिस्तरींचे म्हणणे होते. त्यांचा मुद्दा असा की गळती राहिली असेल तर नवा टर्बोही तीच धूळ खाईल. मालकांनी थांबायचे ठरवले.

केलेली कामे

होज नवा घातला आणि फिरकीच्या पट्टी-क्लॅम्पऐवजी बोल्टने आवळणारे रुंद क्लॅम्प लावले. फिल्टरचे घर आतून ओल्या फडक्याने पुसले, कारण कोरडे झटकले तर धूळ पुढच्या पाइपात जाते. सील बसण्याची पत्र्याची कड सरळ आहे का ते हाताने तपासले. एका ठिकाणी झाकणाची चाप वाकली होती, ती बदलली. धूळ सोडणारा रबरी व्हॉल्व्ह नवा आणला. तो कुठे गेला होता याचा उलगडाही झाला: रोज चिमटीत दाबून धूळ पाडावी लागते म्हणून आधीच्या चालकाने तो काढून टाकला होता. व्हॉल्व्ह नसला की घराच्या तळातून वर हवा ओढली जाते, खाली पडलेली धूळ पुन्हा उडते, आणि घराच्या आकारातून जी काही फिरकीची गाळणी होत असते तीही वाया जाते.

सर्व जोडून झाल्यावर हवा घेण्याचे तोंड बंद केले, अगदी कमी दाबाची हवा आत सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले. ब्रेकच्या हवेच्या कंप्रेसरला जाणाऱ्या बारीक नळीच्या सांध्यावर बुडबुडे आले. ही नळी फिल्टरच्या पुढून निघते, आणि ती कोणाच्याच यादीत नव्हती. साबणाच्या पाण्याशिवाय ती सापडली नसती.

नवे एलिमेंट आणि नवा सेफ्टी फिल्टर बसवल्यावर मोहदरी घाटात पुन्हा माप घेतले. ते ३०० मिलिमीटरच्या आसपास आले. पाण्याची नळी जिथे जोडली होती त्याच छिद्रावर अडथळा दाखवणारा कायमस्वरूपी इंडिकेटर लावला, ज्याची लाल पट्टी मर्यादा गाठल्यावर वर येते आणि इंजिन बंद केल्यावरही तशीच राहते. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले आणि जुन्या ऑइलचा नमुना तपासायला दिला. त्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाढलेले आले. सिलिकॉन गॅस्केटच्या पेस्टमधूनही येऊ शकते, परंतु त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियम वाढलेले असतील, तर बाहेरची धूळ आणि तिने घासलेले लायनर व रिंगा असाच अर्थ निघतो.

चालकाला एकच नियम दिला गेला: लाल पट्टी वर आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, आणि हवा तर मारायचीच नाही. त्याला हे पटवणे सोपे नव्हते. रोज फिल्टर साफ करणारा चालक कामसू मानला जातो, आणि ही चांगली सवय मोडायला आपणच सांगतो आहोत, असे मालकांनाही वाटत होते. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर उलट अधिक बारीक गाळू लागतो, आणि नवा कोरा फिल्टर पहिल्या काही तासांत सर्वांत कमी गाळतो, हे सांगितल्यावर चालकाने मान हलवली. पण इंडिकेटर डोळ्यांनी दिसतो म्हणून त्याचा विश्वास बसला, स्पष्टीकरणामुळे नव्हे, असा माझा अंदाज आहे.

परिणाम

धूर पहिल्याच खेपेला गेला आणि गाडी चढाला ओढू लागली. ॲव्हरेज बरेचसे सावरले. महामार्गावरच्या आकड्यापर्यंत ते जाणार नव्हते आणि गेलेही नाही. ऑइल घालणे कमी झाले, पण बंद झाले नाही. पुढच्या नमुन्यांत सिलिकॉन खाली आले, लोखंड मात्र हळूहळू उतरले. झिजलेल्या रिंगा फिल्टर बदलून भरून येत नाहीत, आणि हे मालकांना आधीच स्पष्ट सांगितले होते. हाफ इंजिनचे, म्हणजे रिंगा-लायनर बदलण्याचे, काम पुढे कधीतरी करावे लागेल असे धरून त्यांनी त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. टर्बो अजून तोच आहे.

प्री-क्लीनरचा निर्णय मात्र अपेक्षेपेक्षा लवकर घ्यावा लागला. कोरड्या महिन्यांत लाल पट्टी अंदाजाच्या जवळजवळ निम्म्या काळात वर आली. एलिमेंट सदोष असावे, असा संशय घेतला गेला. बाहेर काढून पाहिले तेव्हा सेफ्टी फिल्टर स्वच्छ होता, म्हणजे एलिमेंट आपले काम चोख करत होते, धूळच जास्त होती. तेव्हा केबिनच्या मागे, हवा घेण्याच्या उंच नळीवर प्री-क्लीनर बसवला. त्याने वाढवलेला अडथळा मोजला, तो किरकोळ होता, आणि नंतरच्या एलिमेंटला कोरड्या दिवसांत दुपटीहून जास्त आयुष्य मिळाले.

पावसाळ्यात एक वेगळीच गोष्ट घडली. इगतपुरीच्या बाजूला एका भाड्यावर गेलेली गाडी मुसळधार पावसात तासन् तास चालली आणि लाल पट्टी वर आली. चालकाने फोनवरून नवीन फिल्टर मागवण्याची परवानगी मागितली. मिस्तरींनी त्याला पट्टी खाली दाबून, व्हॉल्व्ह दाबून साचलेले पाणी सोडून, पाऊस उघडल्यावर गाडी तशीच चालवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा वर आली नाही. ओला कागद फुगतो आणि तात्पुरता अडथळा वाढवतो, वाळल्यावर तो बराचसा कमी होतो. मात्र चिखलाचे पाणी शोषून वाळलेला कागद पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून त्या एलिमेंटवर पुढे लक्ष ठेवले गेले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीचा सुटलेला क्षण डिसेंबर २०२३ मधला होता. गाडीचे काम बदलले त्याच आठवड्यात इंडिकेटर लावला असता आणि ऑइलचा एक नमुना तपासून ठेवला असता, तर पुढचा बहुतेक खर्च टळला असता. त्या नमुन्याअभावी आज हेही नक्की सांगता येत नाही की झिजेचा किती भाग क्रशरच्या रस्त्याचा आहे आणि किती आधीच्या वर्षांचा. नवीन भाडे ठरवताना मालकांनी डिझेल, टायर आणि हमाली यांचा हिशेब केला होता, फिल्टरचा केला नव्हता. क्रशर पट्ट्यातले काम घेताना वर्षाला लागणाऱ्या एलिमेंटचा खर्च भाड्याच्या दरात धरला पाहिजे, एवढा तो मोठा असतो.

नोझल उतरवण्याआधी पाण्याची नळी लावली असती तर त्या कामाचे पैसे आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस वाचले असते, हे वर आलेच आहे. प्री-क्लीनर पहिल्याच वेळी बसवावा की नाही यावर मात्र मी ठामपणे बोलणार नाही. तो आधीच बसवला असता तर एक एलिमेंट वाचले असते. पण गळती आणि प्री-क्लीनर ही दोन्ही कामे एकदम केली असती, तर कशाने किती फरक पडला हे कळले नसते, आणि ब्रेकच्या नळीची गळती कदाचित तशीच राहिली असती.

सेफ्टी फिल्टरचा प्रश्न तिन्ही गाड्यांना लागू होता. तो कधीही हवा मारून साफ करायचा नाही. मुख्य एलिमेंट तीनदा बदलल्यावर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, तो नवा घालायचा असे आता ठरले आहे. महामार्गावर चालणाऱ्या उरलेल्या दोन ट्रकना मालकांनी नॅनोफायबर घेतले नाही आणि प्री-क्लीनरही लावला नाही. तिथे मूळ कंपनीचे साधे कागदी एलिमेंट आणि एक इंडिकेटर, एवढेच ठेवले आहे. त्यांचे होज आणि क्लॅम्प मात्र त्याच महिन्यात काढून तपासले, आणि त्यांपैकी एका गाडीच्या होजला क्लॅम्पच्या खाली तशीच चीर सुरू झालेली होती.